गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं कर्ज 2017 चं आहे. मी अजून 9 टक्के भरतोय आणि त्याच बँकेने माझ्या मेहुण्याला 8 टक्क्यांनी कर्ज दिलं. असं कसं? (पुणे)

तुमचं कर्ज बहुधा एमसीएलआरला, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराला, बांधलेलं आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला. मेहुण्यांना त्याचा फायदा लगेच मिळाला, तुमच्यापर्यंत तो झिरपत येतोय. आधी आपल्याच शाखेत जा, कर्ज रेपोशी जोडून द्या असा लेखी अर्ज करा आणि शिक्क्यासह पोच घ्या. कन्व्हर्जन फी पडेल, पण बँक बदलण्याची सगळी यातायात वाचेल.

प्रश्न : 40 लाख बाकी, 15 वर्षं उरलीत, व्याज 9 टक्के. नवी बँक 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी देतेय. हप्ता सात हजारांनी उतरतो. घेऊ ना? (ठाणे)

दर घ्या, 20 वर्षं घेऊ नका. आज तुमचा हप्ता 40,571 आहे, तो 33,458 होईल हे खरं. पण इथून पुढे तुम्ही जवळपास 33 लाख व्याज भरणार होता, ते 40 लाखांवर जाईल. म्हणजे दर कमी होऊनही सात लाखांचा खड्डा! मुदत 15 वर्षंच ठेवली तर हप्ता 38,226 होतो आणि सव्वाचार लाख वाचतात. त्याहून बरं म्हणजे हप्ता आहे तोच चालू ठेवा, कर्ज दीड वर्ष आधी फिटेल. मी तर हेच करायला सांगेन.

आता खर्च. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, वकील, व्हॅल्युअर, शिवाय महाराष्ट्रात नव्या गहाणावर साधारण 0.3 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे तुमच्या कर्जावर 12,000. सगळे मिळून 30,000 धरा. 15 वर्षांच्या मुदतीत हप्त्यामागे 2,345 सुटतात, म्हणजे तेरा महिन्यांत वसूल.

प्रश्न : सहा लाख बाकी, चार वर्षं उरलीत. मलाही 9 चे 8 मिळतायत. (नाशिक)

राहू द्या. महिन्याला पावणेतीनशे-तीनशे रुपये वाचतील, चार वर्षांत साडेतेरा हजार. ते खर्चातच जातील. बोनस आला की मुद्दलात भरा.

प्रश्न : जुनी बँक कर्ज बंद करायला 2 टक्के दंड मागतेय. (कोल्हापूर)

फ्लोटिंग दराचं, व्यक्तीच्या नावावरचं गृहकर्ज असेल तर देऊ नका. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना हा दंड घ्यायला बंदी केली आहे. दंड कुठल्या नियमाने लावता, हे लेखी मागा.

आणि फोरक्लोजर लेटरसोबत (कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं बँकेचं पत्र) तुमच्या कागदपत्रांची यादीही मागून घ्या. कर्ज घेताना कागद जमा केल्याची पावती घरच्या फायलीत असेल, तिच्याशी ती ओळीओळीने ताडून पाहा. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, यातलं एक जरी यादीत नसेल तर नव्या बँकेचा चेक जुन्या बँकेत पोचण्याआधी विचारा.