कर्ज फिटेपर्यंत सहल नकोच का? आधी कार्ड, मग सहल, आणि दोन्ही एकाच हिशेबात

डोक्यावर कर्ज असताना सहलीला जावं का, हे विचारताना तुम्ही सगळे आकडे उघडपणे लिहिलेत म्हणून नीट उत्तर देता येतंय. तुमची परिस्थिती थोडक्यात अशी. भांडुपला भाड्याचं घर, दोघांचे मिळून हातात १,०५,००० येतात. देणं ९,७०,०००: दोन कार्डांचे २,४०,०००, पर्सनल लोनचे ५,८०,००० आणि मेव्हण्याकडून घेतलेले १,५०,०००. वहिनींचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं, म्हणणं, चार वर्षांत कुठेच गेलो नाही, पोरगी नऊ वर्षांची झाली. तुमच्या वडिलांचं म्हणणं, डोक्यावर कर्ज असताना फिरणं शोभत नाही. आणि तुमच्यासमोर केरळचं ६८,००० चं पॅकेज आहे, नऊ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर.

माझं मत आधीच सांगते. सहल करा. पण केरळ नको, हप्त्यांवर तर मुळीच नको, आणि कार्डांची बाकी शून्य होण्याआधी नको.

परळच्या एका कर्मचारी पतपेढीच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं होते. शेकडो पगारपत्रकं हाताखालून गेली. कपाती जाऊन हातात जेमतेम काही उरतंय अशीही पुष्कळ. त्यात एक गोष्ट वारंवार दिसायची. ज्या घरांनी ‘आता फिटेपर्यंत काहीच नाही’ असं ठरवलं, त्यांतली बरीचशी दीड-दोन वर्षांत पुन्हा अर्ज घेऊन आली. कारणाच्या रकान्यात ‘घरदुरुस्ती’ लिहिलेलं असायचं. बोलतं केलं की कळायचं, घरातल्यांचा धीर सुटला आणि एका मे महिन्यात सगळं एकदम कार्डावर झालं. तुमच्या पर्सनल लोनचेच जवळपास चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत. तोपर्यंत पोरगी तेरा वर्षांची होईल. एवढा काळ घराला कोरडं ठेवून कर्ज फेडता येतं, पण फार थोड्यांना. म्हणून सहलीचे पैसे फेडीच्या हिशेबातच धरायचे. किती आणि कधीपासून, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये आहे.

ते स्टेटमेंट काढा आणि माझ्याबरोबर वाचा. बाकी २,४०,०००. व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे ८,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,५१२. झाले ९,९१२. तुम्ही दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ (कमीत कमी भरायची रक्कम) म्हणून ५ टक्के, म्हणजे १२,००० भरता. त्यातून मूळ रक्कम उतरते फक्त २,१०० च्या आसपास. एवढंच नाही. बाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदत जाते, त्यामुळे त्याच कार्डावर आणलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आपण दर महिन्याला वेळेवर भरतोय आणि तरी आकडा हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण हे.

आता सहलीची खरी किंमत बघा. समजा वर्षाला १८,००० सहलीवर घातले. ते पैसे १५ टक्क्यांच्या पर्सनल लोनमध्ये भरले असते तर वर्षाचं २,७०० व्याज वाचलं असतं. म्हणजे सहल पडली २०,७०० ला. घराला चार दिवस मोकळा श्वास मिळणार असेल तर ही किंमत मला जास्त वाटत नाही. पण कार्डाची बाकी उभी असताना तेच १८,००० तिकडे न भरता सहलीवर गेले, तर वर्षाचं व्याज आणि जीएसटी मिळून ८,९०० च्या घरात जातात. त्या किमतीला मी कुणालाच जा म्हणणार नाही.

केरळचं पॅकेज याच कारणासाठी नको. नऊ महिने साडेसात हजारांचा हप्ता तुमच्याकडे मोकळा नाही. तो भरलात की किराणा आणि शाळेची फी कार्डावर जाईल, आणि तिथे व्याज पहिल्या दिवसापासून. शिवाय ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याजाएवढी सूट आधी दाखवतात आणि व्याज हप्त्यात घेतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच बिलात येते.

मग कार्ड शून्य कसं करायचं? वहिनी शाळेत नोकरीला आहेत आणि तिथल्या पतपेढीच्या सभासद आहेत, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली. अशा पतपेढ्यांचं कर्ज साधारण १० ते १२ टक्क्यांना मिळतं, दोन जामीनदार लागतात, हप्ता पगारातून कापला जातो. १२ टक्के आणि १८ महिने धरले तर २,४०,००० चा हप्ता येतो १४,६०० च्या आसपास. म्हणजे आत्ता भरताय त्यापेक्षा २,६०० जास्त, पण दीड वर्षात विषय संपला. जामीनदारांना खरं कारण सांगा आणि अर्जातही ‘क्रेडिट कार्डाची परतफेड’ असंच लिहा. कर्ज समितीवर बसणाऱ्यांना खोटं कारण कळतं, आणि खरं सांगणाऱ्याला लोक मदत करतात, हे मी पाहिलंय.

पतपेढीने नाही म्हटलं तर कार्डाची बाकी त्याच बँकेकडे हप्त्यांत वळवून मागा. व्याजदर बराच खाली येतो. फी किती, ते आधी विचारा. सोनं गहाण ठेवणं मी शेवटी सुचवेन. दर कमी असतो, पण दर महिन्याला फक्त व्याज भरा आणि मुद्दल शेवटी एकदम द्या, असा प्रकार घेऊ नका. त्यात दागिने लिलावाला जातात.

वरचे २,६०० आणायचे कुठून? तुमची ५,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक, चालू आहे. एकीकडे वर्षाला ४० टक्क्यांवर व्याज भरताना ती चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. कार्डासाठी घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत थांबवा. तिच्यात साठलेले ६० हजार मात्र मोडू नका. ते आजारपणासाठी राहू द्या, नाहीतर पुढचं हॉस्पिटलचं बिल पुन्हा कार्डावर जाईल. बाहेरून मागवण्याच्या जेवणातले अकराशे कमी करा. झाले ६,१००. त्यातले २,६०० पतपेढीच्या वाढीव हप्त्याला, २,००० मेव्हण्याला आणि १,५०० सहलीच्या आरडीला, म्हणजे दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीला. बारा महिन्यांची आरडी, वहिनींच्या नावाने, कार्ड शून्य झालं त्या महिन्यापासून.

मेव्हण्याला २,००० का, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे तुमचं-माझं जमत नाही. त्यांचे पैसे बिनव्याजी आहेत म्हणून ते तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवलेत. हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. पण तो वहिनींचा भाऊ आहे. पैसे घेतल्यापासून एक रुपया परत गेलेला नाही, आणि उद्या तुम्ही समुद्रावरचे फोटो स्टेटसला टाकाल. ते काही बोलणार नाहीत. त्यांच्या घरात कुणीतरी बोलेल, आणि ते ऐकायला तुम्ही तिथे नसाल, वहिनी असतील. भाऊबीजेला भावासमोर ताट घेऊन बसताना त्या काय मनात घेऊन बसतात, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? दर महिन्याच्या पाच तारखेला २,००० त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत, न चुकता. दीड लाखाला हा वेग फार कमी आहे, ते मान्य. पतपेढीचं कर्ज संपलं की तो १४,६०० चा हप्ता सगळा त्यांच्याकडे वळवा, साताठ महिन्यांत ते मोकळे होतील. पर्सनल लोन त्यानंतर. ते मुदतीआधी भरताना दंड किती, हे करारात बघा.

आणि सहलीला निघण्याआधी त्यांना स्वतः फोन करा. ‘वर्षभर साठवलेल्या पैशांतून चार दिवस जातोय, तुमचा हप्ता चालू राहील,’ एवढं पुरे. वडिलांनाही हेच सांगा. त्यांची भीती चुकीची नाही. पैसे साठवून जाताय हे त्यांना कळलं की त्यांचा सूरही बदलेल.

१८,००० त तिघांचं कोकण व्यवस्थित होतं, घरगुती राहण्या-जेवणाची सोय घेतली तर. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं असतंच, म्हणजे तिघांत पूर्ण तिकीट फक्त तुमचं. रेल्वेने जायचं तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पोरीसाठी वेगळा बर्थ घेतलात तर तिचं पूर्ण भाडं लागेल, हे धरून चाला. दिवाळीचा आणि नाताळचा आठवडा टाळा. जानेवारीत खोल्या स्वस्त असतात आणि हवाही छान. श्रीवर्धन-हरिहरेश्वर बघा, पहिल्यांदा जाताय तर तेच सोयीचं.

आरडी भरेपर्यंत पोरीला घरात डांबून ठेवू नका. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कान्हेरी लेणी, वसईचा किल्ला, घारापुरी, यांतलं एकेक ठिकाण डबा घेऊन एका रविवारात होतं. पार्क आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात. घारापुरीला लाँचचं तिकीट काढताना पोरीला पुढे ठेवा, तिला वरच्या डेकवर बसायचं असेल.

शेवटचं काम कार्डांचं. पैसे भरून बाकी शून्य झाली की थकबाकी नसल्याचं पत्र लेखी मागून घ्या. दोनांतलं नवं कार्ड बंद करायला सांगा. थकबाकी नसेल तर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जुनं कार्ड ठेवा, पण त्याची मर्यादा ३० हजारांवर आणून घ्या. वहिनींना उद्याच पतपेढीतून अर्ज आणायला सांगा. मासिक सभेआधी अर्ज गेला नाही तर एक महिना वाया जातो, आणि तुमच्या कार्डावर तो महिना ९,९१२ रुपयांचा आहे.