मस्ती शिरोरेषेच्या खाली

प्रश्न : मुलगी डिचोलीला बारावी कॉमर्सला आहे. शिगम्याचे, नाटकांचे फलक ती गोलमटोल, खट्याळ अक्षरांत रंगवते. आता त्याच अक्षरांचा फॉन्ट करून विकायचा म्हणते. यावर पोट भरेल का? शिकायला कुठे घालावं?

उत्तर : नमस्कार. नुसत्या फॉन्टवर लगेच पोट भरणार नाही. दुकानाचं नाव किंवा नाटकाचं शीर्षक काढून देण्याचे पैसे लवकर हातात येतात. तरी एक फॉन्ट तिने पुरा करावाच. हे चिकाटीचं काम तिला मानवतं का, ते त्यातच कळेल.

सगळी बाराखडी एकदम नको. आधी न, प, क, ग, भ, र, ळ एवढीच, पाचेक सेंटिमीटर उंच, एकाच ब्रशने. जाडी, गोलाई आणि काना यांतच ठरतो. 600 डीपीआयला स्कॅन करून इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं, म्हणजे अक्षराची कडा आपोआप गिरवून घेतली, की कडेवर ढीगभर बिंदू पडतात आणि कडा खडबडीत दिसते. वळणांच्या टोकांचे ठेवून बाकीचे काढावेत. पुढचं काम फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे, विंडोजवर चालतं. ग्लिफ्स या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला मॅक लागतो.

खरी गोम शिरोरेषेत. अक्षर डोलतं म्हणून रेघही डोलवली तर शब्दात पायऱ्या पडतात. सांध्यापाशी रेघेची उंची आणि जाडी सगळीकडे एकच हवी. मस्ती तिच्या खाली करावी : पोट फुगवावं, शेपूट वळवावी, उकार लोंबवावा. रेघ शेजारच्या अक्षरात थोडी घुसवावी, अक्षराची चौकट हजार एककांची धरली तर वीसेक एककं. नाहीतर केसाएवढी फट दिसते. ‘मामा’त दोन्ही म हुबेहूब आले की हाताचं सोंग उघडं पडतं, म्हणून नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढून ती ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारातल्या, शेजारचं अक्षर बघून रूप बदलणाऱ्या ‘कॅल्ट’ सोयीने आलटून-पालटून आणावीत. तपासायला म्हापसा, सत्तरी, श्री, दुर्गा. आणि ‘मूर्तींना’ हमखास, कारण तिथे वेलांटी, रफार, अनुस्वार एकमेकांवर चढतात.

असा फॉन्ट दोन-चार शब्दांचा : मुलांच्या पुस्तकाचं नाव, आइस्क्रीमचा गाडा, टी-शर्ट, कार्निव्हलचा बॅनर. परिच्छेदात वाचणारा दमतो. श्रद्धांजलीच्या फलकावर तर नकोच! मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ गूगल फॉन्ट्सवर बघावा. तो इतका जाडा आहे की अक्षरातली पोकळी रेघेएवढीच उरते. मोठ्या आकारात गंमत वाटते, लहान आकारात ती बुजते. बघावा, उचलू नये : तो ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे, आणि असा फॉन्ट बदल करूनही स्वतंत्रपणे विकता येत नाही.

शिक्षणाला कॉमर्स आड येत नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या बी.डेस. पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येते. मात्र तिथे चित्रकलेबरोबर गणित-तर्काचे प्रश्नही असतात. घराजवळ पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. तिथे उपयोजित कला घ्यावी, अक्षरकामाला तीच जवळची. दोन्हीकडे अर्ज भरा, आणि फॉन्टची कच्ची रेखाटनं टाकून देऊ नका. काम दाखवायची वेळ आली की तीच आधी पुढे करावीत.