बिडाचा रंधा तुटला, वेल्डिंगला देऊ का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या रामबागेतल्या घरी आजोबांचा सुतारकामाचा पाच नंबरचा लोखंडी रंधा ओट्यावरून लादीवर पडला, तोंडापाशी, म्हणजे पातं तळातून बाहेर डोकावतं त्या फटीपाशी, एका बाजूची भिंत तडकली आणि बोटभर तुकडा सुटा झाला. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला म्हणतो, 'भिया, दो मिनट में चिपका दूँगा.' देऊ का?

नका देऊ. निदान त्याच्या नेहमीच्या रॉडने तरी नाही. त्या माणसाचा हात चांगला असेलही, पण तो रोज ग्रिल आणि गेट जोडतो, ते पोलाद. तुमचा रंधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. साध्या पोलादी पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो, बिडात २.५ ते ४ टक्के, आणि तो बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर पसरलेला असतो. म्हणून बीड दाब सोसतं, पण ताण आणि ठोका सोसत नाही. आर्कखाली, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताखाली, जोडाच्या लगतची पट्टी क्षणात वितळण्याइतकी तापते आणि बाकीचा गार रंधा ती उष्णता तितक्याच झपाट्याने ओढून घेतो. ती पट्टी इतकी कडक होते की कानस नुसती घसरते. त्यात वेल्ड आकसतो आणि बीड काही ताणलं जात नाही. काम झालं म्हणून पैसे देऊन तुम्ही वळता, तेवढ्यात 'टिक' असा आवाज येतो. जोड शाबूत, त्याच्या शेजारून नवा तडा.

आधी खरंच बीड आहे का ते पाहा. तुटलेली कड करडी, खरखरीत दिसेल. आतल्या बाजूला कानशीचे दोन हात मारा. पोलादाचा कीस चमकतो, बिडाची काळी पूड पडते आणि बोट पेन्सिलीचं शिसं चोळल्यासारखं काळं होतं. ग्राइंडरवर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, पोलादाच्या लांब आणि उजळ.

मग तडा नेमका कुठवर गेलाय ते शोधा. या पायरीला कोणी वेळ देत नाही आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. रंध्याचं पातं, त्याखालची बैठक, मूठ, पुढची गुंडी, सगळं उतरवा. तडकलेल्या भागावर रॉकेल लावा (रॉकेल मिळत नसेल तर डिझेल), थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू घासा. तड्यात शिरलेलं तेल खडूत उमटतं, केसासारखी ओली रेष स्वतःहून दिसायला लागते. डोळ्याला अर्धा इंच दिसणारा तडा कधीकधी तळापर्यंत उतरलेला असतो. रेष जिथे संपते त्याच्या किंचित पुढे ३ मिलीमीटरचं आरपार भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही.

तडा भिंतीतच असेल तर पितळ भरून जोडा. पितळी सळई साधारण ९०० अंशाला वितळते, बीड ११५० च्या वर, म्हणजे मूळ धातू न वितळवता जोड बसतो. सियागंज बाजारात पितळी सळई आणि फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवून पितळ पसरू देणारी पूड) सहज मिळतं. फ्लक्स म्हणून टाकणखार चालतो, तो 'सुहागा' म्हणून मागा. गॅस वेल्डिंगचा सेट घरी नसेल तर तयारी घरी करा आणि फक्त ज्योतीसाठी पितळेचं काम जाणणारा गॅसवाला गाठा, तेही स्वतः उभं राहून. चांदीच्या सळईने झाळलं तर आणखी बरं, ६५० ते ७५० अंशांत काम भागतं आणि रंधा वाकायचा धोका कमी. फक्त सळई कॅडमियम नसलेली मागा, तो धूर विषारी असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च जोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका. ते बेकायदा आहे, आणि हवेवर चालणारा साधा टॉर्च एवढ्या जाड बिडाला पुरतही नाही.

इतक्या वर्षांचं तेल बिडाने प्यायलेलं असतं. थिनरने पुसलं की कड स्वच्छ दिसते, पण ज्योत लागली की तेल पुन्हा घामासारखं वर येतं. म्हणून सगळा रंधा मोकळ्या हवेत हळूहळू तापवून धूर थांबेपर्यंत तेल जाळून काढा, गार झाला की पुन्हा पुसा. जुना काळा रंगही तेव्हाच जळेल, धुरात तोंड घालू नका. नंतर बाहेरच्या बाजूने कड तिरपी करा, कानशीने. ग्राइंडरचा दगड बिडातलं ग्राफाइट पृष्ठभागावर सारवून ठेवतो आणि मग पितळ चिकटत नाही. आतली मिलीमीटरभर तुटकी कड मात्र तशीच राहू द्या. तिचे दाणे दुसऱ्या तुकड्याच्या दाण्यांत बसतात, यापेक्षा अचूक बसवणी कुठल्याही शिकंज्याने होत नाही. तुकडा जागेवर लावून तारेने बांधा.

बांधलेला रंधा भट्टीच्या विटांवर ठेवून आधी सगळा सारखा तापवा, निदान २५०-३०० अंश, आणि मगच ज्योत जोडावर आणा. हे काम दुपारच्या उन्हात करू नका. बिडाची मंद लाली सावलीतच दिसते, उन्हात अंदाज चुकून जास्त तापतं. फ्लक्स पाण्यासारखं पसरलं की सळई टेकवा. पितळ आधी पातळ थरासारखं पसरलं पाहिजे. गोळी होऊन लोळत असेल तर थांबा. तिथे तेल किंवा ग्राफाइट उरलंय आणि आणखी उष्णता देऊन ते सुटणार नाही, गार करून पुन्हा घासावं लागेल. पांढरा धूर दिसला तर पितळातलं जस्त उडतंय, ज्योत मागे घ्या. तो धूर छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो.

जोड झाल्यावर रंधा लगेच कोरड्या राखेत किंवा कोरड्या चुन्यात पूर्ण पुरा आणि सकाळपर्यंत उघडू नका. पंखा नाही, पाणी नाही, ओली फरशी नाही.

उष्णता नकोच असेल तर थंड दुरुस्तीही होते: आतून २ मिलीमीटरची पोलादी पट्टी, आटे पाडून ४ मिलीमीटरचे स्क्रू आणि मध्ये अ‍ॅराल्डाइट. वरचा कोपरा तुटलेला असेल तर मी हेच करीन. पण तुमचा तुकडा तोंडापाशी आहे. पाच नंबरचं पातं दोन इंच रुंद, ते आणि भिंत यांच्यात जागा जेमतेम. पट्टी तिथे आली की पातं डावी-उजवीकडे हलवताच येणार नाही. निकेल रॉडने आर्क वेल्डिंग होतं, इंच-इंच टाके घालून, प्रत्येक टाका गरम असतानाच हलके ठोकून. पण तीन-चार मिलीमीटरच्या भिंतीवर मी त्या वाटेला जाणार नाही.

शेवटी तळ. कितीही काळजी घेतली तरी तो थोडा तरी हलतोच. पातं आणि ते दाबून धरणारी वरची कळ नेहमीइतकी घट्ट बसवून, धार मात्र आत ओढून, तळावर मार्करने आडव्या रेषा काढा आणि जाड काचेवर चिकटवलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. पातं काढून घासलेला तळ पातं कसल्यावर पुन्हा वाकतो. टोक, तोंडाची पुढची कड आणि शेपटी इथल्या रेषा पुसल्या गेल्या की पुरे. मध्ये कुठे शाई राहिली तरी रंधा नीट चालतो.

खडूच्या रेषेत तडा तळात उतरून तोंडापासून कडेपर्यंत गेलेला निघाला, तर मात्र ज्योतीचा खर्च करू नका. जुन्या बाजारात त्याच मापाचा साचा, म्हणजे रंध्याचं नुसतं बिडाचं धड, मिळतो का पाहा आणि आजोबांचं पातं, मूठ, गुंडी त्यावर चढवा. बैठक मात्र आधी टेकवून बघा, कारण कंपनी बदलली की तिचे स्क्रू जुळतीलच असं नाही.