तरुण ग्राहक पर्यावरणपूरक पॅकिंगच्या स्किनकेअरसाठी खरंच जास्त पैसे मोजतात का?

मोजतात, पण थोडेच, आणि सर्वेक्षणात सांगतात त्यापेक्षा बरेच कमी. ‘जास्त द्याल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला खिशातून काही जात नाही. प्रत्यक्ष घेताना मात्र आधी किंमत बघितली जाते, मग क्रीम आपल्या त्वचेला मानवेल का, आणि डबी कशाची आहे हे सगळ्यात शेवटी. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या २०१९ च्या एका लेखात ही दरी आकड्यांत दिली आहे: पर्यावरणाचा विचार करणाऱ्या ब्रँडचा माल घ्यायचाय असं ६५ टक्के लोक म्हणाले, घेणारे निघाले २६ टक्क्यांच्या आसपास. (हा आकडा फक्त स्किनकेअरचा नाही, एकूण खरेदीचा.) अपवाद रिफिलचा. बरणी एकदाच घ्यायची आणि पुढे नुसती आतली वाटी बदलायची असेल, आणि ती वाटी स्वस्त पडत असेल, तर सुरुवातीचे जादा पैसे फारसे खुपत नाहीत. एरवी पैसे सुटतात ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी: जाड काच, खाकी खोकं. लोशनच्या पंपात दडलेल्या धातूच्या बारीक स्प्रिंगमुळे तो पंप रीसायकल करणं अवघड होतं, पण ती कोण उघडून बघतंय!