कॉकटेल स्वतःची पिसे चावत आहे, तेल लावावे का?

आपल्या कॉकटेलच्या (कॉकाटील या तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या) छातीवरची पिसे दोन आठवड्यांत विरळ झाली असून दुकानदाराने दिलेले तेल लावावे का, असे आपण विचारले आहे. तेल मुळीच लावू नये. त्याने पिसे चिकटतात, ती साफ करण्यासाठी पक्षी आणखी चोच घालतो आणि तेच तेल त्याच्या पोटात जाते.

आधी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दोन-चार पिसे उचलून उजेडात धरावीत. नैसर्गिकरीत्या गळलेले पीस टोकापासून मुळापर्यंत शाबूत असते. चावलेल्या पिसाची दांडी मध्येच तुटलेली आणि कडा कुरतडलेली दिसते. मग डोके पाहावे. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे डोके भरलेले आणि छाती उघडी असेल तर बहुधा तो स्वतःच पिसे काढत असतो; डोक्यावरचीही गेली असतील, तर पिंजऱ्यातला जोडीदार, त्वचेवरचे कीटक किंवा चोच व पिसांचा विषाणूजन्य रोग यांचा विचार करावा लागतो. (ल्युटिनो या पिवळट-पांढऱ्या रंगाच्या कॉकटेलच्या तुऱ्यामागे अनेकदा जन्मतःच टक्कल असते, त्याची काळजी नको.)

आमच्या फोंड्याच्या घरी चतुर्थीला मखरासाठी जागा हवी म्हणून पिंजरा बाल्कांवातून (पुढच्या व्हरांड्यातून) उचलून आतल्या खोलीत ठेवला होता. आरत्या, फटाके, मध्यरात्रीपर्यंत दिवे. विसर्जनापर्यंत पक्ष्याच्या छातीवर पिसांखालची करडी लव तेवढी उरली. मी सगळा दोष फटाक्यांना देऊन मोकळा झालो होतो, पण पशुवैद्यांनी विष्ठा तपासली तेव्हा जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी निघाला, ज्याने कॉकटेलला खाज सुटू शकते. म्हणून विष्ठेची तपासणी होण्याआधी ‘ताण आला असेल’ हा निष्कर्ष काढू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तोवर, पिंजऱ्याची जागा बदलली असेल तर तो जुन्या जागी न्यावा, रोज दहा-बारा तास अंधार व शांतता द्यावी आणि दुपारी अंघोळीला उथळ ताटलीत पाणी ठेवावे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. शेवग्याचा पाला, गाजर, तांबडा भोपळा हळूहळू सुरू करावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणाने बियांना बुरशी लागते, तेव्हा डब्याला कुबट वास आला तर बिया निवडत न बसता टाकून द्याव्यात. पिंजऱ्याचा जस्ताचा मुलामा सुटत असेल तर पिंजराच बदलावा, कारण जस्त पोटात गेल्यास विषबाधा होते.

नव्याने फुटणारे पीस तुटून रक्त थांबत नसेल, तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.