विक्री वाढली, मग पैसा गेला कुठे?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा छोटा होलसेलचा धंदा आहे. वर्षभरात विक्री जवळजवळ दुप्पट झालीय, अकाउंटंट म्हणतो नफा पण चांगला आहे, पण बँकेत पैसे कधी टिकतच नाहीत आणि पुरवठादाराचा फोन आला की धडकी भरते. हिशोब वर्षाच्या शेवटी एकदा होतो, तो रोज लिहायची खरंच गरज आहे का?

उत्तर: आहे, आणि धंदा वाढतोय म्हणून तर जास्तच आहे. बिल केलं की नफा कागदावर येतो, पैसे मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतात. समजा माल तुमच्याकडे ४० दिवस पडून राहतो, विकल्यावर पैसे यायला ४५ दिवस लागतात आणि पुरवठादाराला तुम्हाला ३० दिवसांत द्यावे लागतात, म्हणजे मधले ५५ दिवस तुमचा पैसा अडकलेला. खरेदीभावाने रोज १,००० चा माल जात असेल तर साधारण ५५,००० कायम अडकून राहणार आणि विक्री दुप्पट झाली की १,१०,०००! हे वाढीव ५५,००० नफ्यातून नाहीतर कर्जातूनच येणार ना, तुमचा पैसा बहुतेक इथेच गेलाय.

अजून दोन वाटा आहेत. घरासाठी काढलेला पैसा ही उचल, ती नफ्यातून वजा होत नाही. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात धरतात, मुद्दल नाही. दोन्हीकडे पैसा बाहेर जातो आणि नफा मात्र तसाच दिसत राहतो. म्हणून उचल वेगळी लिहा, आणि शक्यतो धंद्याचं बँक खातंच वेगळं ठेवा, मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

रोज लिहायचं म्हणजे फार काही नाही, व्यवहार झाला की तिथल्या तिथे टिपायचा. इटलीचे गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात हीच रीत सांगितलीय, आधी टिपणवही, मग रोजकीर्द (तारखेवार नोंदी), मग खतावणी (त्याच नोंदी खात्यावार). तुम्ही वहीत लिहा नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये, फरक पडत नाही, फक्त महिन्यातून एकदा बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून बघा.

आणि उधारीची यादी मात्र दर आठवड्याला काढाच. ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६०, ६० ते ९० आणि त्यापुढची असे चार रकाने करा. उधारी जितकी जुनी तितकी ती वसूल व्हायची शक्यता कमी, आणि वर्षाच्या शेवटी कळून काय उपयोग, तोवर त्याच माणसाला तुम्ही अजून माल देऊन बसलेले असता. या आठवड्यात बाकी काही जमलं नाही तरी चालेल, ही यादी करा आणि शेवटच्या रकान्यात ज्यांची नावं येतील त्यांच्याकडून जुनी बाकी आल्याशिवाय नवीन ऑर्डर घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी.