ऑपरेटर ओव्हरलोडिंग वापरावं की टाळावं?

ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणजे +, * अशा चिन्हांना आपण बनवलेल्या प्रकारांसाठी आपला अर्थ देणं. संख्येसारख्या वागणाऱ्या गोष्टींसाठी ते बिनधास्त वापरा, बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. मॅट्रिक्स किंवा कॉम्प्लेक्स संख्या असतील तर अ + ब * क वाचायला सरळ. जावानं ही सोय प्रोग्रामरला दिलेलीच नाही (स्ट्रिंग जोडायला मात्र + चालतो, म्हणजे स्वतःपुरती सवलत ठेवली!), त्यामुळे बिगडेसिमलचं (जावामधला अचूक दशांश संख्यांचा प्रकार) साधं गणितसुद्धा मेथड कॉलची माळ होऊन बसतं.

खरी गोम सी++ मध्ये कळते. तिथे चिन्हाचा अर्थ बदलता येतो, अग्रक्रम नाही. कोणी ^ ला 'घात' केलं, की अ ^ २ + १ हे अ ^ (२ + १) असं धरलं जातं, कारण + चा नंबर आधी लागतो. उत्तर चुकतं, पण प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो. && ('आणि') व || ('किंवा') तर ओव्हरलोड करूच नका. एरवी && ची डावी बाजू खोटी निघाली की उजवी तपासलीच जात नाही; ओव्हरलोड केल्यावर ही हमी जाते आणि दोन्ही बाजू चालतात. डावीकडे नल पॉइंटरची (कशाकडेच न दाखवणाऱ्या पत्त्याची) तपासणी असेल आणि उजवीकडे तोच पॉइंटर वापरला असेल तर प्रोग्राम कोसळलाच म्हणून समजा.

पायथनमध्ये नम्पाय या गणिताच्या लायब्ररीतल्या ॲरेवर (संख्यांच्या तक्त्यावर) * घटकागणिक गुणतो. मॅट्रिक्स गुणाकारासाठी २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीत, @ हे वेगळं चिन्ह आणावं लागलं.

मी स्वतः बहुतेक वेळा फक्त == ओव्हरलोड करतो. पायथनमध्ये ते करताना हॅशसुद्धा (ऑब्जेक्टवरून एक संख्या काढणारी __hash__ मेथड) लिहा, नाहीतर ते ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकताच टाइपएरर येईल.